भुसावळचा खलाशी आणि खांदेरीची बत्ती

आमच्या भुसावळात 'खलाशी' म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढे समुद्र येत नाही. येतो तो निळ्या कपड्यांतला, खांद्यावर पाना-हातोडीची पिशवी अडकवलेला रेल्वेचा माणूस. माझे वडील, अप्पा, सिग्नल खात्यात खलाशी म्हणून लागले आणि पुढे लॅम्पमन झाले. रोज दुपारी घासलेटचा डबा घेऊन रुळाच्या कडेकडेने चालत जायचं, सिग्नलच्या लोखंडी शिडीवर चढायचं, दिवा उतरवायचा, काजळी पुसायची, वात कातरायची, टाकी भरायची आणि दिवस मावळायच्या आत दिवा पेटवून पुन्हा जागेवर बसवायचा. पाऊस असो की मे महिन्यातलं भुसावळचं ऊन असो. अप्पांचं वय आता 79 आहे. सगळा जन्म तापीकाठी गेला. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता.

मी शाळेत विज्ञान शिकवते. भिंगांचा धडा आला की अप्पांचा जुना सिग्नलचा दिवा पिशवीत घालून वर्गात नेते. मागच्या वर्षी एका मुलीने विचारलं, "मॅडम, याच्याहून मोठा दिवा कुठे असतो?" मी दीपगृहाबद्दल सांगितलं. संध्याकाळी घरी ती गोष्ट अप्पांना सांगितली, तर त्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आणि विचारलं, "त्याले घासलेट कोन घालते?"

या एका प्रश्नासाठी आम्ही जानेवारीत कोकणात गेलो. अप्पा, मी आणि सातवीतला माझा मुलगा.

पहिला दिवस : भुसावळ ते थळ

रात्रीची गाडी पकडली. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि बामणोदच्या वांग्यांचं भरीत होतं. आईने भरीत तीन माणसांना नव्हे, आठ माणसांना पुरेल एवढं दिलं होतं, पण समोरच्या बाकावर पाचोऱ्याचं एक कुटुंब होतं, त्यामुळे ते वाया गेलं नाही. अप्पा खिडकीशी बसले. प्रत्येक स्टेशन यायच्या आधी ते सिग्नलकडे बघत होते. नातवाला सांगत होते, पूर्वी यात वीज नव्हती, तारेने ओढून पाटी खाली पडायची, आणि रात्री त्या पाटीबरोबर रंगीत काच दिव्यापुढे यायची. मग एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मलाही नवी होती. हिरवी काच दिवसा हातात घेऊन पाहिली तर ती निळसर दिसायची. घासलेटची ज्योत पिवळी, तिच्यापुढे निळी काच धरली की लांबून हिरवं दिसतं. मी इतकी वर्षं प्रकाशाचा धडा शिकवते, पण हे उदाहरण माझ्या घरात असून मी कधी वापरलं नव्हतं.

भुसावळ ते मुंबई साडेचारशे किलोमीटरच्या आतबाहेर. पहाटे उतरलो, चहा घेतला आणि टॅक्सीने थेट गेट वे ऑफ इंडिया. तिथून मांडव्याला लाँच जाते, तासाभराचा रस्ता, आणि पुढे अलिबागपर्यंत बस. पावसाळ्यात ही सेवा बंद असते, म्हणून आमच्याकडून जाणाऱ्यांनी दिवाळीनंतरच बेत करावा.

समुद्र पाहून अप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. लाँच सुटल्यावर म्हणाले, "आपली तापी याच्यातच येते ना?" मी म्हटलं, हो, पण इथे नाही, वर सुरतेच्या पलीकडे. मुलताईहून निघून 724 किलोमीटर चालून ती या समुद्राला मिळते. त्यांनी कठड्यावर हात ठेवला आणि पाण्याकडे पाहून मान हलवली, ओळखीच्या माणसाला पाहून हलवतात तशी.

बंदराच्या तोंडाशी आल्यावर लाँचवरच्या एका माणसाने बोट दाखवलं. कुलाब्याच्या टोकापलीकडे, पाण्यातून उगवल्यासारखा एक पट्ट्यापट्ट्यांचा मनोरा. तो प्रोंग्सचा दीपस्तंभ. कुलाब्याच्या टोकापासून समुद्रात जाणाऱ्या खडकांच्या रांगेवर टॉमस ऑर्मिस्टन या इंजिनिअरने तो बांधला आणि 1875 साली तो पेटला. त्याचे पट्टे शोभेचे नाहीत. दिवसा दिवा दिसत नाही, तेव्हा मनोऱ्याच्या रंगावरून जहाजाने ओळखायचं की आपण कुठे आहोत. अप्पांना हे लगेच पटलं. "दिवसा पाटी, राती बत्ती," ते म्हणाले. सिग्नलचंही तेच.

अलिबागला जेवण करून कान्होजी आंग्रे यांच्या समाधीवर गेलो. 1729 साली कान्होजी वारले. या किनाऱ्यावर त्यांच्या परवान्याशिवाय जहाज हाकायची कुणाची छाती नव्हती. समाधी शहराच्या गजबजाटात आहे, आत गेलं की एकदम शांत वाटतं. तिथून थळला मुक्कामाला. किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर दोन बेटं दिसतात. जवळचं उंदेरी, त्याच्या मागचं खांदेरी.

सूर्य खांदेरीच्या बाजूलाच बुडाला. आम्ही वाळूवर बसून राहिलो. अंधार पुरता पडायच्या आधीच बेटावर एक ठिणगी चमकली, गेली, पुन्हा आली. अप्पांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांशी नेलं. मग घड्याळ सोडून दिलं आणि गुडघ्यावर बोटाने ताल धरला. चमक, थांब, चमक. दर फेरीला अंतर तेच. अर्धा तास ते तसेच बसले होते.

"विझून राह्यला का तो?" त्यांनी विचारलं.

तेव्हा मी त्यांना सांगितलं, दिवा विझत नाही. दिवा एकसारखा जळत असतो. त्याच्याभोवतीचं भिंग फिरतं. भिंग उजेडाची जाड काठी करतं, ती काठी समुद्रावरून गोल फिरत जाते आणि आपल्या अंगावरून गेली की आपल्याला चमक दिसते. प्रत्येक दीपगृहाची चमक आणि थांबा यांची चाल वेगळी ठेवलेली असते. दोन शेजारच्या दीपगृहांची चाल कधी सारखी नसते. ती सगळी चाल नकाशावर आणि पुस्तकात लिहिलेली असते. रात्री समुद्रात अडकलेला माणूस सेकंद मोजतो आणि त्याला कळतं की हा अमुक खडक, म्हणजे मुंबई त्या बाजूला.

"मंग रंग काऊन नाही देत? लाल, हिरवा?"

उत्तर त्यांनी स्वतःच दिलं. चाळीस वर्षं काचा पुसणाऱ्या माणसाला ते कुणी सांगावं लागत नाही. "रंगानं उजेड मरते," ते म्हणाले. रंगीत काच बाकीचे रंग गिळते, म्हणून रंगीत दिवा लांब जात नाही. आगगाडीला मैलभर पुरतं. समुद्राला पुरत नाही. म्हणून आगगाडीचा दिवा रंगाने बोलतो आणि समुद्राचा दिवा वेळेने.

दुसरा दिवस : खांदेरी

थळच्या किनाऱ्यावरून कोळ्यांची बोट ठरवली होती. भरतीची वेळ बघून निघायचं होतं, म्हणून सकाळी लवकर. बोट चालवणाऱ्या तांडेलाने अप्पांना हाताला धरून चढवलं आणि विचारलं, "बाबा, कधी बोटीत बसलात का?" अप्पा म्हणाले, "मी खलाशी हाये." तांडेलाने चमकून पाहिलं. मग मी रेल्वेच्या खलाशाचं सांगितलं. त्याला ते फार आवडलं. बेटावर पोचेपर्यंत तो अप्पांना 'खलाशीबाबा' म्हणत होता, आणि अप्पा त्याला वाफेच्या इंजिनांच्या गोष्टी सांगत होते.

उंदेरी डाव्या हाताला राहिलं. त्या बेटाची आणि खांदेरीची कथा एकमेकांत गुंतलेली आहे. 1679 च्या पावसाळ्याच्या शेवटी शिवाजी महाराजांनी खांदेरी बांधायला घेतली. मायनाक भंडारी माणसं घेऊन बेटावर उतरले आणि तटाचं काम सुरू झालं. मुंबईच्या इंग्रजांना हे परवडणारं नव्हतं. बंदराच्या दाराशी मराठ्यांचं ठाणं झालं तर येणारं-जाणारं प्रत्येक जहाज त्यांच्या नजरेखाली. त्यांनी जहाजं आणून बेटाला वेढा घातला. ऑक्टोबरमध्ये मराठ्यांचा आरमारी सरदार दौलतखान आणि इंग्रजांचा कॅप्टन केजविन यांच्या जहाजांची लढाई झाली. इंग्रजांचं 'डव्ह' नावाचं गलबत मराठ्यांनी पकडलं. त्यांचं 'रिव्हेंज' हे जहाज मात्र एकटं लढत राहिलं. त्या दिवसाचं यशापयश दोन्ही बाजूंनी आपापल्या परीने सांगितलं जातं. पण खरी लढाई त्या एका दिवसाची नव्हतीच, ती रोज रात्रीची होती. मोठ्या जहाजांना वारा लागतो आणि खोल पाणी लागतं. मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ पाण्यातून वल्ह्यांवर चालणाऱ्या. अंधार पडला की त्या किनाऱ्यावरून निघायच्या, दाणागोटा आणि चुना-दगड बेटावर टाकायच्या आणि उजाडायच्या आत परत. इंग्रजांना त्या थांबवता आल्या नाहीत. तट उभा राहिला. जानेवारी 1680 मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने उंदेरी बळकावून तिथे तोफा चढवल्या, आणि त्याच महिन्यात इंग्रजांनी मराठ्यांशी समझोता करून वेढा सोडला.

बोटीत बसून मला सारखं वाटत होतं, की ज्या पाण्यातून तेव्हा माणसं मुद्दाम दिवा न लावता गेली, त्याच पाण्यावर रात्रभर आता दिवा फिरतो.

धक्क्यावर उतरलो. खांदेरीला दोन उंचवटे आहेत, दीपगृह दक्षिणेकडच्या उंचवट्यावर. आधी वेताळाच्या देवळात गेलो. कोळ्यांचा हा मोठा देव, बोट पाण्यात घालायच्या आधी त्याला नारळ. तांडेलानेही एक वाढवला आणि अप्पांच्या हातात खोबऱ्याचा तुकडा ठेवला. मग त्याने आम्हाला आवाजाचा दगड दाखवला. लहान दगडाने त्यावर ठोकलं की भांड्यावर ठोकल्यासारखा टणटण आवाज येतो. माझा मुलगा तिथून हलेना. अप्पांनीही ठोकून पाहिलं आणि कान लावला. रुळावर हातोडी मारून आवाजावरून तडा ओळखणारी माणसं ती. त्यांनी दगडाच्या चार जागी ठोकून प्रत्येक जागेचा आवाज वेगळा असल्याचं नातवाला दाखवलं.

तटाच्या बुरुजांवर तोफा आहेत, आणि इथली खरी दुर्मीळ चीज म्हणजे त्यांतल्या काहींचे लोखंडी, चाकांचे गाडे. बाकी किल्ल्यांवर तोफा मातीत लोळताना दिसतात. इथे गाड्यावर बसलेली तोफ कशी वळवत असतील ते डोळ्यांनी कळतं. 1718 साली मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून आरमार घेऊन खांदेरीवर चालून आला होता. कान्होजींच्या माणसांनी त्याला परत पाठवलं. आज बेटाला कान्होजी आंग्र्यांचंच नाव दिलेलं आहे. 2025 साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले, त्यात खांदेरी आहे. त्याच यादीत आमच्या शेजारचा बागलाणातला साल्हेरही आहे. एक समुद्रातला आणि एक आमच्या डोंगरातला, दोघांची नावं एका कागदावर आली याचा मला त्या तटावर उभं राहून फार आनंद झाला.

दीपगृह जवळून पाहिलं. खाली बैठी इमारत आणि तिच्यातून वर निघालेला आठकोनी दगडी मनोरा, डोक्यावर काचेची खोली. वर जाण्याची परवानगी आमच्याकडे नव्हती, त्यामुळे पायथ्याशीच थांबलो. अप्पांनी भिंतीवर तळहात ठेवला. दगड घट्ट बसवलेले, सांधे सरळ. "हे किती सालचं?" मी म्हटलं, 1867.

हे साल मी घरूनच लक्षात ठेवून आणलं होतं, कारण ते आमचंही साल आहे. 1867 साली भुसावळहून नागपूरपर्यंत रेल्वे पोचली. त्या आधी, 1861 ते 1865, अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला, आणि लँकशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानाकडे तोंड वळवलं. खानदेश आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. गाठी बैलगाडीने आणि मग आगगाडीने मुंबईला, तिथून जहाजात. 1869 साली सुवेझचा कालवा उघडला आणि जहाजांची वर्दळ आणखी वाढली. मुंबई बंदराच्या तोंडाशी अंधार ठेवून चालणार नव्हतं. खांदेरी 1867, प्रोंग्स 1875, ही दीपगृहं या धांदलीतून उभी राहिली. मी अप्पांना म्हटलं, तुमच्या पणजोबांच्या शेतातला कापूस गेला असेल तर तो याच दिव्याच्या उजेडात समुद्रावर गेला असेल. ते म्हणाले, "आपल्या रानातलं कोनी इथं येऊन गेलंच की मंग." मी हे पुराव्याने सांगू शकत नाही. पण माल ज्या वाटेने गेला ती वाट हीच होती.

इंग्रजांनी ज्या बेटापुढे दोनदा माघार घेतली त्याच बेटावर त्यांना स्वतःच्या जहाजांसाठी दिवा लावावा लागला. मराठ्यांनी जागा हेरली ती किती अचूक होती, हे त्या दिव्यावरून कळतं. पहारा द्यायची जी जागा, वाट दाखवायची तीच.

मुलाने कागद काढला. मी त्याला सांगितलं होतं की डोळ्याच्या उंचीवरून क्षितिज किती लांब ते काढता येतं. उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि 3.57 ने गुणायचं, किलोमीटरमध्ये उत्तर येतं. त्याने धरून चाललेला दिवा समुद्रापासून 50 मीटरवर. वर्गमूळ सात आणि थोडं, म्हणजे 25 किलोमीटर. जहाजाच्या माथ्यावर उभा असलेला माणूस 16 मीटरवर असेल तर त्याचे आणखी 14. म्हणजे 39 किलोमीटरवरून तो माणूस दिवा पाहू शकतो, दिव्यात तेवढा जोर असेल तर. पृथ्वी गोल आहे हे पुस्तकात वाचतो, पण दीपगृह उंच का बांधतात याचं कारण तेच आहे हे त्याला त्या कागदावर पटलं. सपाट पृथ्वीवर जमिनीवर ठेवलेला कंदीलही पुरला असता.

ओहोटी लागायच्या आत परत निघालो. दुपारी थळला कोळिणीच्या घरी तांदळाची भाकरी आणि बोंबील. अप्पांनी फक्त भाकरी आणि आपला ठेचा खाल्ला.

तिसरा दिवस : कोर्लई

खांदेरीचं भिंग पाहता आलं नाही, म्हणून कोर्लई. रेवदंड्याचा पूल ओलांडला की कुंडलिकेच्या मुखाशी समुद्रात घुसलेली डोंगराची सोंड दिसते, तिच्यावर किल्ला आणि उतारावर दीपगृह. इथे मनोऱ्याला उंच व्हायची गरज पडलेली नाही, अर्धी उंची डोंगरानेच दिली आहे. दीपगृह लोकांना पाहायला खुलं असतं, थोडं तिकीट असतं. गेल्या काही वर्षांत सरकारने दीपगृहांकडे पर्यटनाच्या दृष्टीने पाहायला सुरुवात केली आहे. 2024 साली देशातल्या 75 दीपगृहांवर पर्यटकांसाठी सोयी सुरू झाल्या. मला हे योग्य वाटतं. ज्यांनी या किनाऱ्याचं रक्षण केलं ती घरं मुलांनी आतून पाहिली पाहिजेत.

आधी किल्ला करून आलो. अप्पा खाली सावलीत थांबले. 1521 साली पोर्तुगीजांनी या टेकडीवर पाय रोवले, 1740 साली तो मराठ्यांकडे आला. वरून एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र. गावात वरच्या वाडीत पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली एक वेगळीच बोली बोलतात, ती बोलणारी माणसं हजाराच्या आसपास. आमच्याकडे लेवा गणबोली आणि अहिराणी घराघरांतून कमी होत चालली आहे, त्यामुळे पाचशे वर्षं टिकलेल्या त्या बोलीबद्दल ऐकून मला हेवा वाटला.

मग दीपगृह. शेवटचा जिना अरुंद आणि उभा. मी अप्पांना म्हटलं, राहू द्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही हातांनी दांडा धरला, एक पायरी, पाय जवळ, पुढची पायरी. शिडी चढायची ती जुनी रीत, तीन आधार कायम आणि एकच हलवायचा.

वर काचेच्या खोलीत ते भिंग. मध्यभागी बैलाच्या डोळ्यासारखी फुगीर काच, तिच्याभोवती काचेचं कडं, त्याभोवती आणखी एक कडं, पुन्हा एक, विहिरीत खडा टाकल्यावर उठणाऱ्या वलयांसारखी एकात एक. प्रत्येक कड्याला धार आहे. बोट फिरवलं तर पायऱ्या लागतील अशी, पण बोट लावू देत नाहीत आणि देऊ नये, कारण बोटाचा एक तेलकट ठसाही उजेड खातो.

अप्पा त्याच्यापुढे उभे राहिले. मग मान वाकडी करून बाजूने पाहिलं. मग खाली वाकून पाहिलं.

"हे तर आपलंच भिंग हाये," ते म्हणाले.

आणि ते खरं आहे. रेल्वेच्या सिग्नलच्या दिव्यातही पायऱ्यापायऱ्यांची काच असते, तळहाताएवढी. कल्पना एकच. लांबवर उजेड फेकायचा तर जाड, मोठं भिंग हवं. पण एवढं भिंग भरीव ओतलं तर ते मणामणांनी जड होतं, आणि जाड काचेतच उजेड विरतो. फ्रान्सच्या ऑगस्टिन फ्रेनेलने ओळखलं की प्रकाश वळतो तो काचेच्या पृष्ठभागावर, आतला जाड भाग काही काम करत नाही. मग तो भाग काढून टाकायचा आणि नुसते वक्र पृष्ठभाग कड्यांच्या रूपात एकाशेजारी एक बसवायचे. मधली कडी उजेडाला वाकवतात, कडेची लोलकं त्याला आरशासारखी परतवून त्याच दिशेला लावतात. ज्योतीतून दाही दिशांना सांडणारा उजेड गोळा होऊन एका वाटेने जातो. 1823 साली फ्रान्सच्या किनाऱ्यावर कॉर्दुआनच्या दीपगृहात हे भिंग पहिल्यांदा बसलं, आणि तिथून जगभर गेलं. समुद्रावर आणि रुळावरही.

तिथल्या कर्मचाऱ्याशी अप्पांचं लगेच जमलं. दोघेही दिवेवालेच. त्याने सांगितलं की दिवसा काचेला पडदे लावून ठेवतात. का, हे त्याने आम्हालाच ओळखायला लावलं. मी उत्तर देणार तेवढ्यात अप्पा म्हणाले, "ऊन उलटं येत असीन." अगदी बरोबर. भिंगाला आतला-बाहेरचा भेद नाही. रात्री जे आतला उजेड बाहेर सरळ पाठवतं, तेच दिवसा सूर्याचं ऊन आत एका बिंदूवर आणून ठेवतं, आणि त्या बिंदूवर दिवा असतो. पडदा नसेल तर दिवाच जळायचा.

जुन्या काळी हे एवढं जड भिंग पाऱ्याच्या हौदावर तरंगत ठेवायचे, म्हणजे बोटाने ढकललं तरी फिरावं. ते फिरवायला घड्याळासारखं यंत्र असायचं, मनोऱ्याच्या पोकळीत वजन लोंबत खाली यायचं, आणि ते तळाला टेकायच्या आत रखवालदाराने हाताने गुंडाळून पुन्हा वर घ्यायचं. रात्रभर. झोप लागली तर समुद्रावरची चाल चुकली. अप्पांनी हे ऐकताना डोळे मिटले होते.

घासलेटचा प्रश्न इथे सुटला. पूर्वी दीपगृहांतही तेलच होतं, वाटून दिलेली पाळी होती, वात होती, काजळी होती. मग वीज आली, आता तर सौर पॅनेल आली आहेत. मधल्या काळातली एक गोष्ट मी अप्पांसाठी राखून ठेवली होती ती सांगितली. स्वीडनमध्ये गुस्ताफ डालेन नावाचा माणूस होता. जिथे माणूस राहू शकत नाही अशा खडकावर गॅसचा दिवा रोज संध्याकाळी पेटवायचा कसा आणि सकाळी विझवायचा कसा, हा त्याचा प्रश्न. त्याने एक काळी दांडी वापरली. दिवस उजाडला की ती काळी दांडी उजेड शोषून किंचित लांबते आणि गॅसची तोटी बंद करते. अंधार पडला की आखडते, तोटी उघडते. त्या कामासाठी 1912 साली त्याला पदार्थविज्ञानाचं नोबेल पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी गॅसच्या स्फोटात त्याचे दोन्ही डोळे गेले होते.

"लॅम्पमनच्या कामाले नोबेल?" अप्पांनी विचारलं. मी हो म्हटलं. "आणि डोये गेले त्याचे?" पुन्हा हो. ते खिडकीपाशी जाऊन समुद्राकडे पाहत राहिले.

1927 सालचा दीपगृह कायदा जाऊन 2021 साली नवा आला, त्याच्या नावात दीपगृह हा शब्दही उरला नाही, नौवहनाची सागरी साधनं असं त्याचं नाव आहे. उपग्रहावरून जहाजाला आपली जागा कळते. मग दिवा कशाला, असं लोक विचारतात. मला विचाराल तर हवा. यंत्र बंद पडतं, बॅटरी उतरते, आणि थळच्या लहान होडीवाल्याचा भरवसा अजून स्वतःच्या डोळ्यांवरच आहे. तांडेलाने आदल्या दिवशी सांगितलं होतं, मोबाइल असतो, तरी रात्री परत येताना नजर बत्तीवरच असते. तीच खरी साक्ष.

संध्याकाळी निघायच्या ऐवजी आम्ही रेवदंड्याच्या किनाऱ्यावर थांबलो. पलीकडच्या तीरावर कोर्लईची सोंड काळी होत गेली. अप्पांनी घड्याळ पाहिलं. "आता चढवायची येळ," ते म्हणाले. दोनेक मिनिटांत डोंगराच्या उतारावर उजेडाची पहिली काठी फिरली. त्यांनी मान डोलावली, गुडघ्यावर बोट टेकलं आणि मोजायला लागले. ही चाल खांदेरीची नव्हती. ते त्यांना दुसऱ्याच फेरीला कळलं.

चौथा दिवस : परत

मांडव्याहून लाँच, मुंबई, दुपारची गाडी. कसाऱ्याच्या घाटात अप्पा झोपले ते थेट चाळीसगावला जागे झाले. मला म्हणाले, "भुसावय आलं का?" मी म्हटलं, अजून दीड तास.

घरी पोचलो तेव्हा शेजारचे दोन निवृत्त रेल्वेवाले ओट्यावर वाट बघत बसले होते. समुद्र कसा वाटला, त्यांनी विचारलं. अप्पांनी नातवाकडून पेन मागून घेतलं, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला मध्ये एक लहान गोल काढला, आणि त्याच्याभोवती एकेक कडं काढायला सुरुवात केली.